वाळलेला पांढरा

मेहुणीबाई कपाट आवरायला आल्या तेव्हा काकांनी कशालाच हरकत घेतली नाही. बायकोला जाऊन काही महिने झाले होते आणि कधीतरी हे व्हायचंच होतं. कपडे गेले, शाली गेल्या, छत्र्या गेल्या. त्यातली एक छत्री काकांचीच होती, पण अशा वेळी छत्रीवरून बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांनी तीही जाऊ दिली. मग मेहुणीबाईंनी खिडकीखालच्या स्टुलावरची पत्र्याची पेटी उचलली.

"ही मी नेते, भावजी. नातीला होईल. इथे राहिली तर रंग वाळून दगड होतील."

"वाळणार नाहीत," काका म्हणाले.

"का? रोज पाणी घालणार आहात की काय?"

"वापरणार आहे."

मेहुणीबाईंनी पेटी खाली ठेवली, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि डॉक्टर एक्स-रेकडे पाहतात तसं काकांकडे पाहिलं.

"तुम्ही? चित्रं काढणार? भावजी, पाकिटावर पत्ता लिहायलासुद्धा पट्टी लागते तुम्हाला."

"एकही ट्यूब वाया जाणार नाही. तिचा रंग न् रंग संपवीन. तू पुढच्या खेपेला येशील तेव्हा बघ."

"आणि नाही संपले तर?"

"तर घेऊन जा पेटी."

झालं. शब्द गेला. आणि काकांचा शब्द म्हणजे शिक्का मारलेलं वजन. सगळी नोकरी त्यांनी वजनमापं तपासण्यात काढली होती. दुकानदाराने काट्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक ते नुसत्या काट्याच्या लगबगीवरून ओळखत. अशा माणसाने बोलताना मापात बोलावं अशी अपेक्षा असते, आणि एरवी ते बोलतही. त्या दिवशी मात्र पेटी दाराच्या दिशेने निघालेली पाहिली आणि तोंडातून निघून गेलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी राहायची, कॉलेजात शिकवायची आणि बोलायची बेताचं.

"बाबा, नुसतं 'देत नाही' म्हणायचं होतं की."

"असं कसं म्हणायचं? काही कारण नको?"

"पेटी तुमचीच आहे."

"माझी नाही," काका म्हणाले. "तोच तर घोळ आहे."

लेकीने गॅसचा नंबर लावला का ते विचारलं.

बायकोची चित्रं काढायची एक पद्धत होती. दुपारी एक वस्तू खिडकीत ठेवायची, स्वयंपाकघरातलं चावीचं घड्याळ अर्ध्या तासावर फिरवायचं आणि रंगवायला बसायचं. घंटा वाजली की ब्रश खाली. मग कपाचा कान राहिलेला असो की केळ्याचा देठ, पुढे बोट लावायचं नाही. चित्र भिंतीला टेकवून ठेवायचं आणि वस्तू परत स्वयंपाकघरात. काकांनी या उद्योगात वर्षानुवर्षं एकच भाग घेतला होता, तो म्हणजे वस्तू खाण्याचा. घंटेची वाट बघण्याचं बंधन त्यांनी कधी पाळलं नाही. एकदा तर चित्र अर्ध्यावर असताना समोरचा दुधाचा पेला ते पिऊन गेले. ते चित्र अजून घरात आहे. त्यातला पेला डावीकडून भरलेला आहे आणि उजवीकडून रिकामा.

"रोज तेच केळं काय काढतेस?" ते विचारत.

"तुम्ही खाता, मी बघते," ती म्हणे. "केळं एक, कामं दोन."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी पेटी उघडली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. एकूण एक ट्यूब मधोमध दाबलेली. ट्यूब शेपटाकडून गुंडाळत यावी हे काकांचं तत्त्व, आणि बायको मधोमध अंगठा रोवणारी. या विषयावर लग्नानंतर थोड्याच दिवसांत बोलणी होऊन फिसकटली होती. मग घरात दोन टूथपेस्ट आल्या आणि संसार मार्गी लागला. रंगांच्या ट्यूबांकडे मात्र काकांचं लक्ष गेलं नव्हतं. तिथे तिने अनिर्बंध राज्य केलं होतं.

काका पट्टी घेऊन बसले. पिवळी ट्यूब पट्टीने सपाट केली, शेपटाकडून गुंडाळली, रंग तोंडाशी आणला. मग निळी, मग तांबडी. जांभळी, गेरूची, दोन हिरव्या. काम मनासारखं होत होतं. सगळ्यांत शेवटी पांढरी हाताला लागली. ती सगळ्यांत जास्त पिचलेली, मध्ये अंगठ्याचा खोल खळगा. काकांनी पट्टी टेकवली आणि तशीच उचलली. ट्यूब उलटसुलट करून पाहिली. समोर ठेवलेल्या बाकीच्या सरळ ट्यूबांच्या रांगेकडे पाहिलं. मग खोलीत कुणी नसताना मोठ्याने म्हणाले, "हा वाळलाय." आणि ती ट्यूब ब्रश पुसायच्या फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवून दिली.

म्हणजे पांढरा आणणं आलं.

"मोठीच न्या काका," रंगाचा दुकानदार म्हणाला. "पांढऱ्याशिवाय बाकीचे रंग हलतच नाहीत. आणि मोठी परवडते."

"परवडते" हा शब्द काकांच्या समोर उच्चारायचा नसतो. ते मोठी ट्यूब घेऊन आले. चूक झाली ती इथेच. कशी, ते कोणत्याही मध्यमवर्गीय घराला समजावून सांगायची गरज नाही. उरलेला ब्रेड संपवायला लोणी आणावं, ब्रेड संपून लोणी उरावं, लोण्यासाठी ब्रेड आणावा आणि असं करता करता घराला फक्त ब्रेड-लोण्यावर जगायची पाळी यावी, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. बायकोचा पिवळा संपला तेव्हा काकांचा पांढरा उरला होता. पांढरा वाया कसा घालवायचा? म्हणून नवा पिवळा आला. पांढरा संपला, पिवळा उरला. पांढरा आला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर काका दर आठवड्याला पेटीचं वजन करत, आणि दर आठवड्याला ते थोडं वाढलेलं असे.

पण हे पुढचं. पहिल्या दिवशी काकांनी खिडकीत केळं ठेवलं, घड्याळाची चावी फिरवली आणि कामाला लागले. केळ्याची बाहेरची वळणाची लांबी दोऱ्याने मोजली, मग आतली. दोन्हींत बराच फरक निघाला, म्हणून पुन्हा मोजली. कागदावर टेबलाची कड आखली. ती खरोखर आडवी आहे की नाही हे पाणसळ लावून पाहिलं. बशीत रंग काढले. आणि घंटा वाजली.

कागदावर टेबलाची कड होती. उत्तम होती. केळं मात्र अजून केळ्यातच होतं.

तेवढ्यात शेजारच्या घरातल्या शिवणकाम करणाऱ्या बाई दार ढकलून आत आल्या. गळ्यात मोजायची फीत, तोंडात टाचणी. ती काढून त्या म्हणाल्या, "काका, घंटी वाजली ना आत्ता? बरं झालं बाई सुरू झाली. काकू गेल्यापासून माझे बटाटे रोज फुटतायत."

"बटाटे?"

"काकू चावी फिरवायच्या ना, त्याची कर्रर्र भिंतीतून ऐकू यायची. ती ऐकली की मी गॅसवर बटाटे ठेवायचे, आणि घंटीला बंद. किती वर्षं." मग त्यांची नजर बशीवर गेली. "अगंबाई, एवढा रंग काढलाय. हा वाळतो हं लगेच. काकू काढायच्या एवढासा. आता हा वाया जाणार."

दुखऱ्या जागेवर नेमकं बोट ठेवायचं कसब शेजाऱ्यांना उपजत असतं. वाया! काकांनी बशी उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि तो सगळा पिवळा स्टुलाच्या पायाला लावून टाकला. एक पाय रंगला. बाकीचे पाय पुढच्या चित्रांची वाट बघत राहिले.

बटाट्यांची भानगड मात्र तिथे संपली नाही. आपलं काम इतक्या लवकर कसं आटपलं, या शंकेने काकांनी ते घड्याळ मनगटी घड्याळाशी ताडून पाहिलं. ते चक्क पुढे पळत होतं. त्याचा अर्धा तास चांगला आखूड भरत होता. काकांना मोठाच धक्का बसला. जन्मभर गावाची मापं तपासली आणि स्वतःच्या घरात असलं माप! बायकोला वर्षानुवर्षं रोज थोडा थोडा वेळ कमी मिळत आला होता आणि त्यांना पत्ता नव्हता. स्क्रू काढून, आतली पट्टी जरा वाकवून त्यांनी घड्याळ बरोबर केलं. दुसऱ्या दिवशी शिवणवाल्या बाई पातेलं घेऊन दारात उभ्या.

"हे बघा. लगदा."

"पण बाई, आता घड्याळ अचूक आहे."

"मला अचूक घेऊन काय करायचंय? मला बटाटे हवेत."

काका घड्याळजीकडे गेले. त्याने भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, "छान चालतंय की."

"तेच म्हणतोय. थोडं बिघडवून द्या."

घड्याळजीने भिंग काढलं. "काका, दुरुस्त करायचे मी पैसे घेतो. बिघडवायचे कसे घ्यायचे?"

शेवटी काकांनीच तोड काढली. चावी अर्ध्या तासाच्या खुणेच्या जरा अलीकडेच थांबवायची. बायकोच्या अर्ध्या तासाएवढी. बटाटे सुधारले. काकांच्या चित्राला मात्र पुन्हा तेवढाच कमी वेळ मिळू लागला.

सल्ले सुरू झाले ते यानंतर. शिवणवाल्या बाईंचं म्हणणं, आधी फोटो काढावा आणि मग सावकाश गिरवावा, उगाच केळ्याला ताटकळत ठेवू नये. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, फळांपेक्षा भांडी बरी, नासत नाहीत. यावर बाई म्हणाल्या, भांडी चकाकतात, काकांना झेपायची नाहीत. काका तिथेच उभे होते, पण चर्चा त्यांना ओलांडून चालली होती. अखेर शिकवणीशिवाय गत्यंतर नाही यावर दोघांचं एकमत झालं. आणि मग काकांना आठवलं की वाचनालयाच्या वरच्या दालनात दर रविवारी चित्रमंडळ भरतं, आणि त्यात बायकोने वर्षभराची जागा घेऊन ठेवलेली आहे. तीही वायाच चालली होती.

वाचनालयाचा कारकून सज्जन होता, पण नियमाला पक्का.

"जागा नावावर करता येईल," तो म्हणाला. "पण फक्त रक्ताच्या नात्यात."

"मी नवरा आहे."

"तेच म्हणतोय मी. नवरा रक्ताचा नसतो."

"अहो, सबंध जन्म संसार केलाय आम्ही!"

"केला असेल. रक्त वेगळंच राहतं." त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्याने आवाज खाली आणला. "मुलगा-मुलगी कुणी आहे का?"

लेक होती. लेकीचं रक्त चाललं. पण जागा तिच्या नावावर झाल्यावर जागाधारकाने स्वतः हजर राहणं सक्तीचं, असा पुढचा नियम निघाला. जागाधारकाला सामान उचलायला एक मदतनीस मात्र आणता येत होता. तेव्हा त्या रविवारपासून लेक गाडीने येऊ लागली. आईच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसू लागली, आणि काका तिचे हमाल म्हणून शेजारी उभं राहून चित्र काढू लागले. ज्या माणसासमोर बाजारपेठ उठून उभी राहायची त्याने हमाल म्हणून सही करावी, हे काकांना लागलं. पण जागा वाया जात नव्हती.

वर्ग घेणाऱ्या बाई उंच होत्या, बोलायच्या फटकन. पहिल्याच दिवशी त्यांनी काकांची पट्टी काढून घेतली.

"मोजायचं नाही. बघायचं."

"मोजल्याशिवाय कळणार कसं?"

"म्हणून तर अर्धा तास. दिवसभर दिला तर तुम्ही दिवसभर मोजाल. बघाल कधी?" आणि त्यांनी मधल्या टेबलावर एक नासपती ठेवून घंटा लावली.

काकांनी बघितलं. घाम येईपर्यंत बघितलं. घंटा झाल्यावर सगळी चित्रं भिंतीला ओळीने लावण्यात आली आणि मंडळी हात मागे बांधून फिरू लागली. पोस्टमास्तरही सल्ला देता देता मंडळात दाखल झाले होते. ते काकांच्या चित्रापुढे बराच वेळ थांबले.

"बल्ब छान जमलाय."

"नासपती आहे," काका म्हणाले.

"असं होय?" पोस्टमास्तरांनी मान तिरकी केली. "पण उजेड चांगला पाडलाय हं."

लेकीने पुस्तक वर उचललं. पुस्तकाच्या वर तिचे फक्त केस दिसत होते आणि ते हलत होते. कितीतरी दिवसांनी ती हसत होती हे खरं. पण कुणावर, हेही काकांना दिसत होतंच.

त्या रविवारी बशीत बरंच काही उरलं. उरलेला रंग झाकून घरी आणेपर्यंत तो वाळायला लागला होता, आणि घरातल्या स्टुलाचे सगळे पाय, दाराची मूठ, कुंड्या, झाडूचा दांडा हे रंगवून झालं होतं. जिन्याच्या तोंडाशी काकांचं लक्ष टपालाच्या डब्यांकडे गेलं. सगळ्या घरांचे पत्र्याचे डबे, गंजलेले. काकांनी आपला डबा पिवळा केला. पण एकच डबा पिवळा आणि बाकीचे गंजके, हा उघड पक्षपात झाला. मग रोज एक. ज्या दिवशी जे उरेल ते. शिवणवाल्या बाईंचा डबा टोमॅटोच्या दिवशी रंगला, पोस्टमास्तरांचा वांग्याच्या. इमारतीच्या सेक्रेटरींची पाळी ज्या दिवशी आली त्या दिवशी खिडकीत शिळा फ्लॉवर होता. त्याच्या सावल्या काही केल्या जमेनात, म्हणून काकांनी बशीतले सगळे रंग एकत्र कालवले होते. सेक्रेटरींचा डबा मेलेल्या उंदरासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: "सामाईक भागात विनापरवाना कला आढळून आल्यास कारवाई करण्यात येईल." पाठोपाठ सेक्रेटरी स्वतः आले.

"साहेब, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"गंज चढला होता हो. आणि रंग वाया—"

"गंज सामाईक होता," सेक्रेटरी म्हणाले. "त्याचं काय करायचं ते कमिटी ठरवेल. तोवर सगळे डबे मूळ रंगात आणून द्या."

"मूळ रंग कोणता?"

इथे सेक्रेटरी अडखळले. बैठक बोलावण्यात आली. शिवणवाल्या बाईंना मूळ रंग हिरवा आठवत होता, पोस्टमास्तरांना पोस्टाचा लाल. सेक्रेटरींना रंग आठवत नव्हता, पण तो मेलेल्या उंदराचा नव्हता याची त्यांना खात्री होती. एकाने किल्लीने डबा खरवडून पाहिला. हिरवा निघाला, त्याच्याखाली निळा, त्याच्याखाली पत्रा. पत्रा हाच मूळ रंग असं काहींचं मत पडलं. शेवटी बहुमताने राखाडी ठरला, कारण तो कुणालाच आवडत नव्हता.

राखाडी करायला काळा लागतो, आणि काळ्याच्या दसपट पांढरा. दुकानदार आता काकांना पायरीवर बघूनच पांढरा काढून ठेवत असे. काकांनी खपून सगळे डबे राखाडी केले. आठवडाभरात लोकांची बिलं, पत्रं, मासिकं एकमेकांच्या डब्यांत पडू लागली. टपालवाल्याला मधल्या काळात टोमॅटो आणि वांग्याची सवय झाली होती. पुन्हा बैठक झाली आणि काकांना रीतसर परवानगी देण्यात आली की त्यांनी सर्व डबे "पूर्वीच्या बेकायदेशीर रंगांत" आणावेत. सेक्रेटरी जिन्यात त्यांना गाठून हळूच म्हणाले, "माझा जरा तुमच्या त्या केळ्यासारखा करता आला तर बघा."

या सगळ्या गदारोळात एके दिवशी दुपारी एक गोष्ट घडली. तशी ती गोष्ट नव्हेच. काका नेहमीसारखे केळं घेऊन बसले होते. सावलीसाठी काळा काढला आणि केळ्याकडे पाहिलं, तर सावलीत काळा नव्हताच. खालच्या अंगाला जांभळट होतं, टेबलाजवळ थोडं निळं, आणि कडेने एक बारीक हिरवी धार वर गेलेली. ती तिथे होती, साधी, उघड. काकांनी डोळे चोळून पाहिलं. मग उठून पडदा जरासा ओढला. धार गेली. पडदा सरकवला, परत आली. "दुपारी पडद्याला हात लावत जाऊ नका हो," असं बायको कितीदा म्हणाली असेल, आणि ऊन लागतं म्हणून त्यांनी कितीदा तो ओढून घेतला असेल. त्यांनी ब्रश घेतला. घंटा झाली तेव्हा केळ्याचा देठ राहिला होता. ते चित्र त्यांनी तिच्या चित्रांच्या शेजारी भिंतीला टेकवलं. लांबून पाहिलं. मग तिथून काढून जरा बाजूला ठेवलं.

त्या दिवशी त्यांनी केळं खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी ते काळं पडलं आणि वाया गेलं. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मेहुणीबाईंचा फोन आला तो एका शनिवारी. उद्या येते म्हणाल्या. काकांनी पेटीकडे पाहिलं. पेटीचं झाकण लागत नव्हतं. सुतळीने बांधावं लागत होतं. रिकामी व्हायची ती पेटी पूर्वीच्या दुप्पट जड झाली होती. त्या दिवशी काकांनी खिडकीत सापडेल ते मांडलं, कांदे, किटली, चप्पल, इस्त्री, आणि एकामागून एक चित्रं काढायचा सपाटा लावला. शिवणवाल्या बाईंनी एवढ्या घंट्या ऐकून दार वाजवलं. "काका, मी कितव्या घंटीचं ऐकायचं?"

रविवारी दुपारी मेहुणीबाई आल्या. लेकही मंडळातून काकांना घेऊन नुकतीच आली होती, आणि खुर्चीत पुस्तक उघडून बसली होती. खिडकीत केळं होतं, घड्याळ टिकटिकत होतं, काका रंगवत होते. मेहुणीबाईंनी पायांतल्या चपला काढायच्या आधी पेटीची सुतळी सोडली. झाकण आपोआप वर आलं.

"ही रिकामी पेटी का, भावजी?"

काकांनी ब्रश खाली ठेवला नाही. "हे तिचे नाहीत. हे नवे आहेत."

"म्हणजे?"

"मी म्हणालो होतो, तिचा रंग न् रंग संपवीन. संपवले." त्यांनी खणातून रिकाम्या ट्यूबा काढून टेबलावर ओळीने मांडल्या. पिवळी, निळी, तांबडी, जांभळी, गेरूची, दोन हिरव्या. शेपटापासून गळ्यापर्यंत घट्ट गुंडाळलेल्या, सपाट. "बघ. आत हवासुद्धा नाही."

"वकील व्हायचंत तुम्ही. उगाच वजनं तपासत बसलात." मेहुणीबाईंनी रांगेवरून नजर फिरवली. त्या खुसपट काढायला वस्ताद. "आणि पांढरा? ताईचा पांढरा कुठाय यात? ती तर पांढरा नुसता ओतायची."

"तो वाळला."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. वाळलेलाच होता. म्हणून तर नवा आणावा लागला. त्यातूनच हे सगळं रामायण झालं."

मेहुणीबाईंनी पेटीत हात घातला. नव्या ट्यूबा बाजूला करत त्या तळापर्यंत गेल्या आणि फडक्याची गुंडाळी बाहेर काढली. फडकं सोडलं. पांढरी ट्यूब तशीच होती, वाकडी, शेपूट फुलारलेलं, मधोमध अंगठ्याचा खळगा. त्यांनी झाकण फिरवलं. ते लगेच फिरलं. न दाबताच ट्यूबच्या तोंडाशी पांढऱ्या रंगाचा एक मऊ थेंब आला आणि थांबला.

काका केळ्याकडे बघत होते. फार लक्ष देऊन बघत होते. लेकीने पुस्तकाचं पान उलटायला धरलं होतं, ते उलटलं नाही.

मेहुणीबाईंनी थेंब पुसला नाही. झाकण वरून तसंच बसवलं आणि हळूहळू, घट्ट फिरवलं.

"वाळलाय," त्या म्हणाल्या. "अगदी दगड."

"मी म्हटलं होतं ना."

"म्हटलं होतंत." त्यांनी ट्यूब फडक्यात गुंडाळली, खळगा वरच्या बाजूला येईल अशी, आणि होती तिथे तळाशी ठेवली. "मग पेटी नेऊन मी काय करू? नातीला दुसरी घेईन." मग त्यांनी चपला काढल्या, नाकाला पदर लावल्यासारखं काहीतरी केलं, आणि एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "भूक लागलीय मला. ते केळं खाऊ का?"

"थांब," काका म्हणाले. "घंटा व्हायचीय."

मेहुणीबाई हात पुढे केलेल्या तशाच थांबल्या. लेकीने पुस्तक मिटलं. तिघंही केळ्याकडे बघत राहिली. कडेने हिरवी धार वर गेली होती आणि काकांचा ब्रश तिथपर्यंत पोचत आला होता.

घंटा वाजली. शेजारच्या घरात गॅसचं बटण टक्कन बंद झालं.